मदत हवी आहे: क्वार्ट्झमधल्या इन्क्लुजनात (स्फटिकात अडकलेल्या द्रवाच्या बारीक पोकळीत) तापवल्यावर बुडबुडा आधी जातो, मीठ नंतर विरघळतं. क्षारता किती धरायची?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करतोय. प्रबंधासाठी सरांनी पॉर्फिरी जातीच्या (मॅग्मातून निघालेल्या गरम द्रवानं बनलेल्या) तांबे-सोन्याच्या धातुकातले क्वार्ट्झचे वेफर, म्हणजे पातळ चकत्या, दिलेत, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेले. नमुने परदेशी खाणीचे आहेत. आमच्याकडं दगड म्हणजे ट्रॅप (काळा बेसॉल्ट), नाहीतर गोकाकच्या धबधब्याला दिसतो तो कलादगीचा क्वार्टझाइट. असलं धातुक हाताळलेलं माणूस जवळपास नाही, म्हणून इथं विचारतोय.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते असं. काही मायक्रॉनच्या पोकळीत खारं पाणी, काळ्या कडेचा बुडबुडा आणि धारदार कोपऱ्यांचा स्वच्छ घन, म्हणजे हॅलाइट (साधं मीठ, सोडियम क्लोराइड). त्याला लागून कोपरे गोलसर झालेला एक लहान स्फटिक, तो सिल्व्हाइट (पोटॅशियम क्लोराइड) असावा. शिवाय चाल्कोपायराइटचा (तांब्याच्या खनिजाचा) बारकासा काळा त्रिकोण, आणि काहींत हेमॅटाइटची तांबूस षटकोनी पत्री. क्रॉस निकोलमध्ये (एकमेकांना आडव्या दोन ध्रुवकांमधून बघताना) क्वार्ट्झ विझेपर्यंत स्टेज फिरवली की दोन्ही क्षार काळेच राहतात. एखादा दाणा चमकतो, तो अनहायड्राइट (कॅल्शियम सल्फेट) वाटतो. याच पट्ट्यात नुसत्या बाष्पानं भरलेली इन्क्लुजनंही आहेत.

साध्या तापमानाला पाण्यात मीठ साधारण २६ टक्क्यांपर्यंतच राहतं, त्यामुळं घन दिसला की द्रव त्याहून खारा, हे कळतं. वडिलांना मी सांगितलं की सानिकट्ट्याच्या मिठागरात पाणी उडून मीठ धरतं, इथं पाणी आतच राहतं आणि द्रव थंड होताना मीठ बाहेर पडतं. त्यांना ते लगेच पटलं.

अडचण पुढं आहे. हीटिंग स्टेजचे (सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तापवायच्या उपकरणाचे) आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेतून आले. बुडबुडा ३२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, हॅलाइट मात्र ४०० पर्यंत टिकतं. हॅलाइटच्या विद्राव्यतेच्या वक्रावर ४०० ला सुमारे ४७ टक्के क्षारता येते. पण तो वक्र बाष्प सोबत असतानाचा आहे, आणि इथं बाष्प आधीच संपलंय. मग ४७ लिहू का? तांबं या द्रवातून क्लोराइडशी बांधलेलं वाहतं, म्हणजे क्षारता चुकली की पुढचं सगळं गणित चुकणार. शिवाय तोंडी परीक्षेत गदगच्या सोन्याशी तुलना विचारतील, हे नक्की.

प्रतिसाद, निपाणीकर:
तापमानाच्या आधी घनाचं पोकळीशी प्रमाण बघा. एकाच भेगेत, एकाच वेळी अडकलेल्या समूहात ते सगळीकडं सारखं असेल तर मीठ आतच तयार झालंय. एकात अर्धी पोकळी मिठानं भरलेली आणि शेजारच्यात चिमूटभर, असं असेल तर दाणे बाहेरून आयतेच अडकलेत. ते आकडे सरळ बाजूला काढा, सरासरीत घेऊ नका.

४७ च्या आकड्यात दाबामुळं थोडाच फरक पडेल. खरी गोम दाबाची आहे. बुडबुडा गेला की पोकळीतला दाब झपाट्यानं चढतो, आणि ८० अंशांचं अंतर म्हणजे तो किलोबारच्या घरात जातो. एक किलोबार म्हणजे साधारण पावणेचार किलोमीटर खडकाचा भार. आता तुमची बाष्पाची इन्क्लुजनं त्याच वेळची असतील तर द्रव उकळत होता, आणि उकळत्या द्रवाच्या इन्क्लुजनात मीठ आधी विरघळून बुडबुडा शेवटी जायला हवा, फार तर दोन्ही एकदम. तुमच्याकडं उलटं होतंय. म्हणजे एकतर हे दोन समूह वेगवेगळ्या वेळचे, नाहीतर दाणा अडकलेला, नाहीतर पोकळीतलं पाणी नंतर निसटलं. यातलं काय, ते ठरल्याशिवाय दाबाचा आकडा प्रबंधात टाकू नका.

सिल्व्हाइट आहे म्हणताय तर नुसतं सोडियम क्लोराइड धरून भागणार नाही. सिल्व्हाइट हॅलाइटच्या बरंच आधी विरघळतं, तेही तापमान मागवून घ्या आणि पोटॅशियम धरून हिशेब करा.

गदगचं सोनं वेगळ्या घराण्यातलं. तिथला द्रव कार्बन डायऑक्साइडयुक्त आणि कमी खारा, मिठाचे घन शोधत बसायचं नाही. त्या प्रकारात सोनं मुख्यतः गंधकाशी बांधलेलं वाहतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार. समूह वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण मोजायला घेतो, सिल्व्हाइटचं तापमानही मागवतो. एक शंका उरली. काही पोकळ्यांना बारीक शेपटी आहे, आणि शेपटीच्या टोकाला लागून दुसरी लहान पोकळी, जिच्यात बुडबुडा आहे पण मीठ नाही. मोठी पोकळी तुटून या दोन झाल्या असाव्यात असं वाटतं. अशी जोडी दिसली की दोन्ही गाळायच्या, की आसपासचा सगळा समूहच?