‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’: फरक नुसता वचनाचा आहे का?

(शब्दपिसा, कानामात्रा आणि तळटीप ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

शब्दपिसा: ‘बाळाचं नाव ठेवलं’ आणि ‘बाळाला नावं ठेवली’ यांत अनेकवचनामुळे अर्थ उलटतो असं सांगतात. मग ‘नाव ठेवायला जागा नाही’ यात एकवचन कसं? आणि ‘टीका करणे’च्या जागी ‘नावे ठेवणे’ सरसकट वापरावं का?

कानामात्रा: आधी विभक्ती बघा, वचन नंतर. नामकरणात बहुधा ‘चे’ येतं: मुलीचं नाव मीरा ठेवलं. दोष काढताना ‘ला’च: मुलीला नावं ठेवली. ‘मुलीला मीरा नाव ठेवलं’ असंही म्हणतात, पण तिथे नाव सांगितलेलं असतं, म्हणून घोटाळा होत नाही.

दोषाच्या अर्थी होकारार्थी वाक्यात अनेकवचनच लागतं. नकारात मात्र एकवचन खपतं: ‘तिच्या कामाला कुणी नाव ठेवणार नाही.’ तिथे ‘एकसुद्धा’ असा भाव असतो. भूतकाळात क्रियापद ‘नावं’च्या मागे जातं: त्याने भाजीला नावं ठेवली. ‘ठेवलं’ लिहिलंत की वाक्य पडलं.

तळटीप: ‘टीका’ला कारणं देता येतात, नावं ठेवायला कारण लागत नाही! शिवाय बोलणाऱ्याची नापसंती ‘नावे ठेवणे’त आधीच मुरलेली असते. म्हणून ‘परीक्षकांनी कवितेला नावे ठेवली’ म्हटलं की परीक्षकच खवचट ठरतात. ‘टीका’चा मूळ अर्थ तर भाष्य. शके १२१२ मधली ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच, पण ज्ञानेश्वरांनी गीतेला नावं ठेवली असं कोण म्हणेल? आजही टीका ‘लिहिली’ तर भाष्य, ‘केली’ तर दोषदर्शन.

अहवालात ‘नावे ठेवणे’ नकोच. चौकशी समिती अधिकाऱ्यावर ठपका ठेवते, न्यायालय ताशेरे ओढतं. दोन्हींना ‘वर’ लागतो, ‘ला’ नाही.

कानामात्रा: खोट काढणे आणि खोडी काढणे यांतही गल्लत होते. खोट म्हणजे उणीव, खोडी काढणे म्हणजे कुरापत काढणे. आणि ‘नावाजणे’ ही तर चक्क स्तुती.

शब्दपिसा: मग ‘नशिबाला नावं ठेवली’ चालेल?

तळटीप: कानाला खटकतं. नशिबाला बोल लावतात. नावं ठेवताना समोरच्यातलं वैगुण्य दाखवायचं असतं, बोल लावताना घडलेल्याचं खापर फोडायचं असतं. नाचता न येणारा अंगणाला वाकडं म्हणून नावं ठेवतो आणि नाच फसल्याचा बोलही त्यालाच लावतो.