कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर जड झालेली पाळी: बेळगाव सीमाभागातल्या बायकांनो, आपापलं लिहा

आपल्या भागात दुसरं मूल झालं की त्याच बाळंतपणात ऑपरेशन उरकून घेतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकातल्या निम्म्याहून जास्त विवाहित बायकांचं हे ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांचं जवळजवळ शून्य. पुढं पस्तिशी-चाळिशीत पाळीत जास्त जायला लागलं, गाठी पडायला लागल्या, कंबर धरली, की घरीदारी एकच उत्तर मिळतं: "ऑपरेशन झालंय न्हवं, मग असंच असतंय."

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी या एका उत्तरावर कित्येक वर्षं काढली. जेव्हा बघावं तेव्हा कच्चे तांदूळ चघळत असायच्या, आम्हाला वाटायचं सवयच आहे त्यांची. भाताच्या लावणीत एक दिवस चिखलातच खाली बसल्या आणि उठता येईना. हिमोग्लोबिन पाचच्याही खाली निघालं. बाईचं बारा तरी असावं लागतं. कच्चे तांदूळ, माती, खडू खावंसं वाटणं हे रक्त कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, हे तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. रक्त चढवलं, मग तपासण्या झाल्या, आणि कारण निघालं गर्भपिशवीतली गाठ. ऑपरेशनचा काही संबंध नव्हता.

सगळा दोष ऑपरेशनवर टाकला की खरं कारण कुणी शोधतच नाही. म्हणून हा धागा काढला. वय, त्रास कधीपासून, काय निघालं, कशानं बरं वाटलं, ते लिहा. नाव नको, गाव-तालुका पुरे. औषधांची नावं लिहिली तरी वाचून परस्पर मेडिकलमधून कुणी घेऊ नका.

खानापूर तालुका, वय ३९

माझं दुसऱ्या पोरीच्या वेळचं ऑपरेशन. सातआठ वर्सं काय त्रास न्हवता. मग पाळी आली की चार दिवस सोडून नऊधा दिवस रक्त जाऊलालंय, थांबायचं नावच न्हाई. आमच्याकडं पाऊस लई. कापडं धुतली तरी वाळत न्हाईत. दोरीवर साडीखाली झाकून घालायची, उन्हाचं तोंड न्हाई, चुलीम्होरं धरून अर्धी ओलीच परत घ्यायची. जांघा सोलून निघायच्या. दुखण्यापेक्षा ते जास्त वाईट वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, आम्ही काढलं, तूबी काढ. शेवटी आशाताई मागं लागली म्हणून बेळगावला सिव्हिलला गेले. सोनोग्राफीत पिशवीची भिंत जाड झालीय असं निघालं. आडेनोमायोसिस म्हणतात म्हणे. आता गोळ्या चालू हायत, दुखणं निम्म्यावर आलंय. सरकारी बसला बायकांना पैसे पडत न्हाईत आता, म्हणून तपासायला जाणं जमतंय.

निपाणी, बिडी कामगार

सूप मांडीवर घेऊन सकाळी बसलं की दुपारपर्यंत उठायचं नसतं. हजार विड्यांमागं मजुरी, उठलं की विड्या कमी. पाळीत तर उठलं की धार लागायची, म्हणून मुद्दाम पाणीच कमी प्यायचं. त्यानं लघवीची जळजळ सुरू झाली ती वेगळीच. मला डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या दिल्या. एक ट्रॅनेक्सामिक ॲसिड, फक्त जास्त जातं त्या दिवसांपुरती. दुसरी मेफेनामिक ॲसिड, दुखायला आणि रक्त कमी व्हायला, पण जेवूनच घ्यायची. आधी बाईंनी विचारलं, पायाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली होती का, घरात कुणाला आहे का. तसं असेल तर पहिली गोळी चालत नाही म्हणाल्या. मला फरक पहिल्याच पाळीत कळला. पॅड तासाला बदलायचे ते आता तीनचार तासांनी.

बेळगाव शहर, शिक्षिका, वय ४१

ऑपरेशनच्या आधी मी कितीतरी वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. ऑपरेशन झालं, गोळ्या बंद केल्या, आणि पाळी एकदम अंगावर आली. साहजिकच दोष ऑपरेशनला दिला. डॉक्टरांनी समजावलं की त्या गोळ्यांनी पाळी हलकी राहते, बंद केल्यावर माझी मूळची पाळी परत आली, आणि वयानं ती आणखी जड झाली. मला त्यांनी पिशवीत हार्मोनची टी बसवली. घरात गोंधळ उडाला, ऑपरेशन झालेल्या बाईला टी कशाला? तर ही मूल होऊ नये म्हणून नाही, पिशवीचं अस्तर पातळ ठेवायला असते. साधी तांब्याची टी उलट रक्तस्राव वाढवते, तेव्हा दोन्हींत घोळ करू नका. पहिले काही महिने रोज थोडं थोडं डाग लागत होतं, वैताग यायचा. काढूनच टाका म्हणून सांगायला गेले होते, डॉक्टर म्हणाल्या थोडं थांबा. आता पाळी जवळजवळ येतच नाही आणि शाळेत पांढरी साडी नेसता येते. सरकारी ठिकाणी ही मिळते का ते कुणाला माहीत असेल तर लिहा, कारण बाहेर महाग पडते.

चंदगड सीमेवरचं गाव, नवरा म्हणून लिहितोय

बायकांच्या धाग्यात लिहू का नको असं झालं, पण लिहितो. आमच्यात ऑपरेशन माझं झालंय, बिनटाक्याची नसबंदी. गावानं चिडवलं, आईनं महिनाभर अबोला धरला. तर सांगायचं असं की ऑपरेशन माझं, तरी बायकोची पाळी चाळिशीत जड झालीच. तिच्या पोटाला कुणी हात लावला नव्हता. थायरॉईड निघाला. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि काही महिन्यांत पाळी रुळावर आली.

धागा काढणारी

वरच्या भावांनी लिहिलंय तीच तुलना अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात केली होती, तो २००० साली छापून आला. ऑपरेशन झालेल्या साडेनऊ हजार बायका एका बाजूला आणि ज्यांच्या नवऱ्यांची नसबंदी झाली अशा बायका दुसऱ्या बाजूला. ऑपरेशनवाल्या बायकांत रक्तस्राव किंवा दुखणं वाढल्याचं दिसलं नाही, उलट काहींचं कमी झालं. पाळी मागंपुढं होणं मात्र थोडं जास्त दिसलं. आणि ते समजण्यासारखं आहे: ऑपरेशनमध्ये फक्त बीजनळ्या बांधतात किंवा त्यांवर रिंग बसवतात. बीजकोश आणि पिशवी जागच्या जागी असतात, हार्मोन तिथूनच येतात.

मग जास्त का जातं? पिशवीतल्या गाठी, आडेनोमायोसिस, अस्तरातला कोंब (पॉलिप), थायरॉईड, पाळी जायच्या आधीची हार्मोनची गडबड, आणि क्वचित कॅन्सर. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि सोनोग्राफी एवढं तरी मागून घ्या. पंचेचाळिशीच्या पुढं असाल किंवा औषधानं थांबत नसेल तर अस्तराचा तुकडा तपासायला सांगतात, त्याला घाबरून परत येऊ नका.

तासातासाला पॅड भिजतोय, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि ऑपरेशन झालेलं असूनही पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला कळ येत असेल तर पहिल्यांदा गरोदरपणाची तपासणी करा. ऑपरेशन क्वचित फसतं, आणि फसलं तर गर्भ नळीत राहायचा धोका असतो. त्यात जीव जातो.

येळ्ळूरकडची, वय ३६

अभ्यास काय म्हणतो ते म्हणू द्या. माझं दुखणं ऑपरेशननंतरच्या पाचव्या-सहाव्या महिन्यापासून आहे, त्याआधी नव्हतं. डाव्या बाजूला ओढल्यासारखं, पाळीच्या आधी दोन दिवस उभं राहवत नाही. सोनोग्राफी नॉर्मल. तीन ठिकाणी "मनाचं आहे" ऐकलं. नॉर्मल रिपोर्ट हातात दिला की माझं तोंडच बंद होतं, पण पोट दुखायचं थांबत नाही. आता एका डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघू या म्हटलंय, आत चिकटलेलं असू शकतं किंवा एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं पिशवीबाहेर वाढणं, ते सोनोग्राफीत दरवेळी दिसत नाही म्हणाले. अजून ठरलेलं नाही.

धागा काढणारी

ताई, तुमचं खरं मानूनच पुढं जायला हवं. अभ्यास हजारो बायकांचा असतो, दुखणं एकीचं असतं. तारखा आणि कुठल्या दिवशी किती दुखलं ते कॅलेंडरवर मांडून न्या. बोलता आलं नाही तरी कागद दाखवता येतो.

अथणी भाग

मला चौतिसाव्या वर्षी पिशवी काढ म्हणून सांगितलं. "मुलं झाली, ऑपरेशन झालं, आता पिशवीचा काय उपयोग, ठेवलीस तर कॅन्सर होईल." एक सोनोग्राफी, दुसरी तपासणी नाही, औषध नाही. आम्ही ऊस तोडणारी माणसं, हंगाम तोंडावर. कर्ज काढून केलं. बीजकोशबी काढलेत हे मला नंतर कागद दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्यावर कळलं. आता अंगातून वाफा येतात, रात्री घामानं झोप लागत नाही, गुडघे धरलेत. माझ्या बरोबरच्या बायकांची पाळी अजून चालू आहे, आणि मी म्हातारी झाले.

संकेश्वर, वय ४७

अथणीच्या ताईंचं वाचून पोटात कालवलं. माझं उलट आहे, तेही लिहिते. मोठ्या गाठी, दोनदा रक्त चढवलं, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, टी पडून गेली. मग सगळं समजावून सांगून पिशवी काढली, बीजकोश ठेवले. मला बरं वाटलं. पिशवी काढणं हे पापच असं कुणी मानू नये, पण ते शेवटी यावं.

धागा काढणारी

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या विनाकारण काढल्याची बातमी २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचली होती. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये विनाकारण पिशव्या काढणं रोखायला मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. म्हणजे "दुसऱ्या डॉक्टरांना विचारून येते" असं म्हणणं हा आपला हक्क आहे. "बीजकोश ठेवणार का काढणार?" हे सही करायच्या आधी विचारायचं, आणि सगळे कागद घरी आणायचे.

हुक्केरी

एक बारकी शंका. लोहाच्या गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, खडा होतो. मी सोडून दिलीय. चालेल काय?

निपाणी, बिडी कामगार

सोडू नका वैनी. काळं होतंय ते गोळीमुळंच, त्याला भ्यायचं नाही. मला बाईंनी एक दिवसाआड घ्यायला सांगितली, लिंबूपाण्याबरोबर, तेव्हापासून पोट बरं आहे. तुम्हीपण विचारून घ्या. चहा मात्र गोळीच्या आसपास तासभर नको, आपल्याला तेच अवघड जातं. तरीबी सोसत नसेल तर लोह शिरेतून सलाईनमधून देतात, तेवढं सांगा त्यांना.