कम्युनिटी कॉलेजातले कलावर्ग, लहान मुले आणि स्वतःचे काम: रूथ असावा यांना हे कसे साधले?

विभावरी, फ्रीमाँट
नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियातल्या दोन कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांची स्थानिक सरकारी महाविद्यालये) रेखाटन शिकवते. एका डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे ही कॉलेजे चालवणाऱ्या एका स्थानिक मंडळात) अर्धवेळ शिक्षकाला पूर्ण कार्यभाराच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम देता येत नाही, त्यामुळे दोन्हीकडे धावपळ करावी लागते. मुलगा सहा वर्षांचा आहे, मुलगी तीन. शिकवणे मला मनापासून आवडते आणि मुलांचे करण्यातही मी कसूर करत नाही. मागे पडते ते माझे स्वतःचे चित्रकाम. ‘मुले हाताशी येईपर्यंत थांब’ असे सासर-माहेर दोन्हीकडून ऐकते. सॅन फ्रान्सिस्कोच्या शिल्पकार रूथ असावा (१९२६–२०१३) यांनी सहा मुले वाढवत तारेची शिल्पे घडवली, शाळेतही शिकवले. त्यातले उचलता येण्याजोगे काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

मृदुला
विभावरी, थांबू नकोस, हे आधी सांगते. असावा यांनी १९४७ मध्ये मेक्सिकोतल्या तोलुका येथे अंडी ठेवण्याच्या तारेच्या टोपल्या विणताना पाहिल्या आणि ती वीण शिकून घेतली. फाशात फासा अडकवत क्रोशाच्या कामासारखी पुढे जाणारी ही पद्धत, जिला ना भट्टी लागते, ना वेल्डिंग, ना स्वतंत्र स्टुडिओ. मूल रडले तर तार खाली ठेवावी आणि ते निजले की त्याच फाशापासून पुढे विणावे. कुठे काही सुकत नाही की बिघडत नाही. छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांनी १९५७ मध्ये काढलेल्या छायाचित्रात मुले असावा यांच्या अवतीभवती आहेत आणि काम चालू आहे. माझ्या मते खरे शिकण्यासारखे हेच आहे: त्यांनी मोकळ्या वेळाची वाट पाहिली नाही, तर मिळेल त्या वेळात मावेल असे माध्यम धरून ठेवले.

श्रीरंग कुलकर्णी
मृदुलाताईंचे म्हणणे पटते, पण चित्र अपुरे राहते. असावा यांचे पती आल्बर्ट लॅनियर हे वास्तुविशारद होते आणि त्यांची भक्कम साथ होती. ती वगळून या आयुष्याचा दाखला दिला, तर सगळा भार पुन्हा एकट्या आईवरच पडतो. दुसरे म्हणजे, शिक्षकी पेशाचे दार त्यांच्यासाठी आधी बंद झाले होते. दुसऱ्या महायुद्धात कुटुंबासह अमेरिकी सरकारच्या छावणीत डांबल्या गेलेल्या या मुलीला, जपानी वंशाची म्हणून, मिलवॉकीच्या अध्यापक महाविद्यालयात शेवटचा सराव-पाठाचा टप्पा नाकारला गेला, आणि पदवी हाती आली ती थेट १९९८ मध्ये. तरीही त्या शिकवायला परतल्या, तेही आई म्हणून. १९६८ मध्ये, मुले ज्या अल्वाराडो शाळेत जात होती तिथेच, त्यांनी वास्तुकलेच्या इतिहासकार सॅली वुडब्रिज यांच्यासह कलाकार्यशाळा सुरू केली. साहित्य म्हणजे दुधाचे रिकामे खोके आणि चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ व दीड वाटी पाणी घालून मळलेला गोळा. याच मळलेल्या पिठात असंख्य शहरवासीयांकडून आकृत्या करून घेऊन त्या कांस्यात ओतल्या, आणि १९७३ मध्ये युनियन स्क्वेअरजवळचे कारंजे उभे राहिले. मुले, वर्ग आणि शिल्प यांचे वेगवेगळे कप्पे त्यांनी केले नाहीत, याचे मला फार मोल वाटते.

अनघा_सिरॅमिक्स
मीही कम्युनिटी कॉलेजात शिकवले आहे, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगते. मुलांना कामात सामील करून घ्या, पण मातीकामाच्या स्टुडिओत नको. तिथली सिलिकाची धूळ लहान फुफ्फुसांना घातक असते. घरी मैद्याचा गोळा उत्तम. संध्याकाळच्या वर्गात दिवसभर नोकरी करून, घरी मुलांना कोणाकडे तरी सोपवून आलेल्या विद्यार्थिनी असतात. अर्धे सोडून परत उचलता येईल असे काम त्यांनाही हवे असते, तेव्हा गृहपाठ देताना याच बेताने द्यावा.

विभावरी, फ्रीमाँट
सर्वांची आभारी आहे. तैलरंग तूर्त बाजूला ठेवते, कारण रंग सुकण्याच्या वेळा माझ्या हातात नाहीत. शाई, बोरू आणि पोस्टकार्डाएवढे कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर कायमचे मांडून ठेवीन. श्रीरंगदादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. मंगळवार आणि गुरुवारच्या संध्याकाळी मुलांचे सगळे तो बघणार आहे.