दांडिया आला म्हणून हादगा गेला का?

कृष्णाकाठ: सांगलीत विश्रामबागला आमच्या कॉलनीत यंदा पण हादगा, म्हणजे भोंडला, नाही. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याला फळांची माळ, खिरापतीचा डबा कानाशी हलवून ओळखायची, सगळं गेलं. आता डीजे आणि दांडियाचे पास. बाहेरच्या लोकांनी येऊन धंदा करावा की, पण गावाचं वळणच बदलायला लागलंय. कोत्या मनाचा म्हणा, मला खटकतं.

विट्याचा गडी: भावा पास काढतंय कोण, आपल्याच पोरी न्हवं? आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळापायी सोनं-चांदी गाळायला पार केरळ-तमिळनाडूपर्यंत गेली, माझा चुलता कोइमतूरला गलाईवर हाय, तिथं गणपती बसवतो, लेझीम खेळतो, मग तिथल्यांनी पण असंच म्हणायचं का? त्याचं पोरगं तर चिडलं की तमिळच बोलतंय.

मिरजकर: नाट्यपंढरी म्हणून मिरवता ना? कर्नाटकातल्या कारकीची यक्षगान मंडळी 1842 ला सांगलीत आली, त्यांचा खेळ बघून राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना असलं मराठीत करा म्हणून सांगितलं आणि 1843 ला सीता स्वयंवर नाटक उभं राहिलं. गवई अब्दुल करीम खाँसाहेब तिकडं उत्तरेतल्या कैरान्याचे, राहिले मिरजेत, 1937 ला गेले तर कबर पण इथंच दर्ग्यात, अजून उरुसाला गवई येऊन गातात.

कृष्णाकाठ: तुमचंच उदाहरण घ्या. भाव्यांनी खेळ जसाच्या तसा उचलला नाही, मराठी करून घेतला. दांडियाचं काय मराठी झालं सांगा, गाणी सगळी हिंदी सिनेमातली. शेजारच्या गुजराती काकू पण नाक मुरडतात, म्हणतात हा कसला गरबा!

गावभागातली: आमच्या वाड्यात गुजराती काकी हादग्याला सगळ्यांच्या आधी हजर. एकदा त्यांनी खिरापतीला खांडवी आणली, डब्यात वाजेना काही, तासभर कुणाला ओळखता आली नाही. हादगा त्यांनी नाही बंद पाडला, आम्ही पाडला. खिरापत कुणी करायची यावरून जावाजावांत धुसफूस, मग एक वर्ष चुकलं ते चुकलंच. मला तरी आता ऐलमा पैलमा सोडून चारच गाणी येतात, लेकीला एक पण नाही.

कृष्णाकाठ: चार तर चार. पुढच्या हस्ताला या, हत्ती मी काढतो. दांडियाचं मत मात्र तेच.

विट्याचा गडी: खिरापतीला भडंग आणू का, डब्यात वाजतंय तरी.