हायब्रिड रॉक इग्वाना घेऊन राहिलो, ब्रीडरला नेमकं काय विचारायचं?

खामला_इग्वाना
नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, खामल्यात राहतो. ग्रीन इग्वाना आहे माझ्याकडे, रजिस्टर केलेला. आता रॉक इग्वाना घ्यायचं खूप दिवसांपासून मनात आहे. दुसऱ्या शहरातला एक ब्रीडर ब्ल्यू आणि क्यूबन या दोन जातींच्या रॉक इग्वानांच्या क्रॉसची पिल्लं देऊन राहिला, त्याने दोन पिल्लांचे व्हिडिओ पाठवले, एक छान निळसर दिसते अन् दुसरं राखाडी पण जास्त चपळ वाटते. निळ्याचे पैसे जास्त सांगते. वरून म्हणते की हायब्रिडला पेपर लागत नाही, प्युअर असला तरच लागते. हे खरं आहे का? आणि दोघांतून कोणतं घेऊ? कोणी पाळला असेल तर सांगा, घाई नाही मला.

धरमपेठ_भाऊ
पेपरचं आधी क्लियर करतो. ब्रीडर साफ चुकीचं सांगून राहिला. रॉक इग्वाना म्हणजे सायक्लुरा, हा अख्खा जीनस (प्रजातींचा गट) साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, अपेंडिक्स एकमध्ये, सगळ्यात कडक यादीत आहे, आणि साइट्समध्ये मागच्या चार पिढ्यांत असा प्राणी असला तर हायब्रिडलाही तेच नियम लागतात. इथे तर आई-बाप दोघंही सायक्लुरा, म्हणजे वादच नाही. तुझा ग्रीन अपेंडिक्स दोनमधला आहे, त्यामुळे त्याच्यावरून अंदाज बांधू नको. आपल्या वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, त्यात साइट्सचे प्राणी शेड्यूल चारमध्ये आले, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागते. अपेंडिक्स एकच्या प्राण्यांचं ब्रीडिंग करायचं तर ब्रीडरलाही वेगळं लायसन्स पाहिजे.

म्हणून त्याला थेट माग, लायसन्सची कॉपी, आई-बापाचं रजिस्ट्रेशन, पिल्लांचा जन्म कळवल्याचा कागद. आई-बाप बाहेरून आणले असतील तर साइट्स परमिट आणि डीजीएफटीचं (केंद्राचं विदेश व्यापार खातं) इम्पोर्ट लायसन्स पण. शंका वाटली तर मुख्य वन्यजीव रक्षकांचं ऑफिस आपल्याच शहरात आहे, सिव्हिल लाइन्सला वनभवनात, एक चक्कर मारून विचारून ये. पेपर नसतील तर पिल्लू कितीही सुंदर असू दे, घेऊ नको भाऊ. उद्या जप्ती झाली तर हाल त्या जिवाचे होतात.

सरडेवाली_ताई
धरमपेठ भाऊंशी शंभर टक्के सहमत. आता पिल्लाचं सांगते. रंगावर अजिबात जाऊ नको रे. प्युअर ब्ल्यूची पिल्लंसुद्धा लहानपणी राखाडी-तपकिरीच असतात, पाठीवर गडद पट्टे असतात, निळा नंतर चढतो, आणि मोठा ब्ल्यूही थंड असताना राखाडी आणि ऊन खाल्लं की निळा दिसतो. क्रॉसमध्ये तर एकाच विणीतली भावंडं वेगवेगळी निघतात. त्यामुळे व्हिडिओतलं निळसर म्हणजे लाइटिंग आहे की फिल्टर, काही सांगता येत नाही, त्याचे जास्त पैसे कशाला द्यायचे? त्यापेक्षा आई-बापाचे फोटो माग, दोघांचेही, आणि स्वभाव विचार, कारण नर मोठा झाला की आपल्या जागेवर कोणाला येऊ देत नाही आणि चावला तर टाके पडतात.

शक्य असेल तर स्वतः जाऊन हातात घेऊन बघ. जबडा बोटाने हलकेच दाब, रबरासारखा लवचीक लागला तर कॅल्शियम आणि यूव्हीबी (हाडांसाठी लागणारे उन्हातले किरण) कमी पडलंय, तिथेच थांब. पायाची सगळी बोटं बघ, बोटांच्या टोकांना आणि शेपटीला जुनी कात चिकटून राहिली की रक्त थांबतं आणि बोट गळतं. डोळ्यांच्या कडेला आणि मानेच्या घड्यांत बारीक गोचिडी आहेत का ते बघ, शेपटीचा बुंधा भरलेला पाहिजे, आतलं हाड दिसायला नको. आणि तुझ्यासमोर खाऊ घालायला सांग. चपळ राखाडी खात असेल तर मी तेच घेईन. एवढ्या लहान वयात नर-मादी खात्रीने सांगता येत नाही, तो ‘गॅरंटीड फिमेल’ म्हणाला तर कशावरून ते विचार.

मानेवाडा_४५डिग्री
जागा किती आहे ते तू लिहिलंच नाही. हा पाच फुटांपर्यंत जातो, चांगला ठेवला तर पन्नास वर्षं जगू शकतो, त्याला पिंजरा नाही, खोली लागते. आणि आपला मे महिना! काचेची टाकी खिडकीत ठेवली तर दुपारी आत भट्टी होते, काचेतून यूव्हीबी पण येत नाही. उन्हाचा कोपरा असू दे पण पळायला थंड सावली पाहिजेच, आणि कूलरची ओली हवा सतत अंगावर नको. डिसेंबरच्या रात्री उलट, सिरॅमिक हीटर लागेल, इन्व्हर्टरवर जोडून ठेव. खाण्याचं सोपं आहे, शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेला निवडुंग. पालक आणि चुका रोज नको, ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

खामला_इग्वाना
खूप धन्यवाद सगळ्यांना. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, पूर्वेचं ऊन येते. ब्रीडरला लायसन्स, आई-बापाचं रजिस्ट्रेशन अन् दोघांचे फोटो मागितले. म्हणते की हायब्रिडमध्ये एवढं कोणी विचारत नाही, पाहिजे तर आजच टोकन पाठव. टोकन नाही पाठवलं. ताई, कागद दाखवणारा दुसरा ब्रीडर सापडला तर पिल्लू बघायला जाताना तुम्हाला फोटो पाठवू का?

सरडेवाली_ताई
पाठव ना, जबड्याचा साइडने आणि चारही पायांचा जवळून काढ, फ्लॅश बंद ठेवून.