मदत हवी आहे: मिल्टिआडीसचं शिरस्त्राण मॅरेथॉनचंच कशावरून?

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी मॅरेथॉनच्या लढाईवर (अथेन्स विरुद्ध इराण, इ.स.पू. ४९०) लिहितोय आणि एका शिरस्त्राणापाशी गाडी अडली आहे.

ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या संग्रहालयात कोरिंथियन घडणीचं एक ब्राँझचं शिरस्त्राण आहे. त्याच्या कडेवर कोरलंय, ‘मिल्टिआडीसने झ्यूसला अर्पण केलं’ (झ्यूस म्हणजे ग्रीकांचा मुख्य देव). हा मिल्टिआडीस म्हणजे मॅरेथॉनचा अथेन्सचा सेनापती, असं मानतात. पण नेटवर जिथे बघावं तिथे ‘लढाईत त्याच्या डोक्यावर हेच होतं’ असं बिनदिक्कत ठोकून दिलेलं! कोरलेल्या मजकुरात ना लढाईचं नाव, ना शत्रूचं.

त्याच संग्रहालयात पूर्वेकडच्या घडणीचं एक टोकदार शिरस्त्राण आहे. त्यावर मात्र ‘मीड लोकांकडून घेऊन अथेन्सवासीयांनी झ्यूसला’ असं स्वच्छ लिहिलंय (मीड म्हणजे इथे इराणी). लुटीचा माल असला की कोणाला लोळवलं ते सांगायची हौस दांडगी. ब्रिटिश म्युझियममधल्या एकावर आर्गोसवाल्यांनी ‘कोरिंथकरांकडून’ असं खोदलंय (दोन्ही ग्रीक नगरंच). खेळांसाठी ऑलिंपियाला आलेल्या कोरिंथकरांनी ते मुकाट्याने वाचायचं.

मग मिल्टिआडीसच गप्प का? शिरस्त्राण स्वतःचं होतं म्हणून? की हे अर्पण मॅरेथॉनच्या आधीचं, थ्रेसच्या किनाऱ्यावर तो सत्ता चालवत होता तेव्हाचं? मला दुसरं जास्त पटतं. लढाईनंतर तो जेमतेम वर्षभर जगला, त्यातही पारोस बेटावरची फसलेली मोहीम, ५० टॅलेंटचा (टॅलेंट म्हणजे तेव्हाचं पैशाचं मोठं माप) दंड आणि तुरुंग. अक्षरांच्या वळणावरून किंवा उत्खननातल्या थरावरून कोणी काळ ठरवलाय का?

जाता जाता दुसरी शंका. ही कोरिंथियन शिरस्त्राणं एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, कानाला भोकच नाही. खांद्याला खांदा लावून फळीत लढताना हुकूम ऐकू कसा यायचा? मँटिनीयाच्या लढाईत (इ.स.पू. ४१८) स्पार्टाचं सैन्य वाद्यांच्या तालावर चालून गेल्याचं ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो, पण तोवर कान उघडे ठेवणारी शिरस्त्राणं आली होती, तेव्हा तो दाखला इथे लागू होत नाही.

संदर्भ इंग्रजीतला चालेल. ऑलिंपियाचं उत्खनन जर्मनांचं, त्यामुळे त्यांचे अहवाल वाचू शकणारं कोणी असेल तर फारच उत्तम. लेख महिनाअखेरीस द्यायचाय.