अनुभव धागा : बंदराच्या गर्दीत निवांत कयाकिंग

नाशिककरांचं पाणी म्हणजे गंगा, अर्थात आपली गोदावरी, नाहीतर गंगापूर धरण. पण आता घरोघरची पोरं परदेशात आहेत आणि गोवा तर सगळ्यांचाच. तिथल्या बंदरात, फेरीबोटी आणि मोठ्या बोटींच्या वर्दळीत आरामात कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, चालवलेलं कोणी आहे का? शर्यती, साहस वगैरे नको. डिसेंबरात मला जायचंय आणि हिचा ठाम विरोध आहे. सविस्तर लिहा.

गंगापूर रोडहून : मुलीकडे सिडनीला गेलो तेव्हा जावयाने नेलं होतं. लॅव्हेंडर बेमधून उतरलो. समोरच १९३२ सालचा हार्बर ब्रिज. लांबून पाणी शांत वाटतं, पण फेरी गेली की तिची लाट किनाऱ्याच्या दगडी भिंतीवर आपटून परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेत घुसते. मग पाणी कुठूनही उसळतं. जावई सारखा ओरडत होता, "बाबा, लाटेकडे तोंड करा, आडवे राहू नका!" कयाकचं नाक जरासं तिरकं ठेवून लाटेवर घातलं की कयाक अलगद वर चढते, ती मजा मात्र काही औरच. काही फेरीबोटींवर केशरी खूण असते, त्यांना शिडाच्या बोटींनीही वाट द्यायची, तिथे आपण कोण? ऑपेरा हाउस जवळून बघायचा हट्ट मी सोडून दिला. त्याच्या शेजारीच फेरीबोटींचा धक्का आहे, तिकडे वल्ह्याच्या बोटींनी जायचं नाही. लांबूनही छान दिसतं.

सिडकोतून : आधी धरणावर हात बसवा, सकाळीच. दुपारी वारा सुटला की परतताना खांदे बोलायला लागतात. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळूनच घ्या. फोटोसाठी सैल सोडणारे फार बघितलेत. आणि नंतर मिसळ, हे सांगायला नको.

देवळाली कॅम्पवरून : जहाजावर नोकरी केली, म्हणून दुसरी बाजू सांगतो. तुम्हाला जहाज दिसतं, म्हणजे जहाजाला तुम्ही दिसता असं नाही. मोठ्या जहाजावर नाकापुढचं ५०० मीटरपर्यंतचं पाणी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, दिसलं नाही तरी नियमात बसतं. त्यात ते ब्रेक दाबून थांबत नाही. म्हणून जहाजांचा मार्ग ओलांडायचाच असेल तर सगळ्यांनी एकत्र, काटकोनात आणि पटकन. एरवी काठाकाठाने. भोंगे ओळखा : एक छोटा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरवतोय. पाच छोटे ऐकू आले तर समजा, वरचा माणूस विचारतोय की तुमचं नक्की चाललंय काय!

पंचवटीतून : आम्ही पणजीला मांडवीत गेलो होतो. कॅसिनोच्या बोटी उभ्या, बेतीची फेरी ये-जा करतेय, सहलीच्या बोटींवर गाणी चालू. आम्ही पुराचं पाणी मोजणार गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, कमरेला लागलं की गळ्याला. तिथे ते पूर नसतानाही दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. बरोबरच्या पोराने सुरुवातीलाच ओढीच्या उलट काढलं. आमच्या मेव्हण्यांची कुरकुर चालू, की सोप्या बाजूने का नाही? परतताना हात दमले होते, पण पाणीच आणत होतं, तेव्हा गप्प झाले. भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय उतरू नका, आणि ओहोटीला समुद्राच्या बाजूला तर नकोच.

धागाकर्ता : देवळालीकर, पाच भोंग्यांचं हिला वाचून दाखवलं, विरोध दुप्पट झाला. पंचवटीकरांमुळे थोडा उतरला. आता अट अशी की दोघांची कयाक घ्यायची आणि ही पुढे बसणार.

गंगापूर रोडहून : मग वेग वहिनींचा. पुढचा ताल धरतो आणि मागच्याने तो बघून वल्हं मारायचं, नाहीतर वल्ह्यावर वल्हं आपटतं. दिशा तेवढी मागच्याच्या हातात असते, पण हे वहिनींना आत्ताच सांगू नका.